पडद्यावरची साडी आणि उन्हातली साडी

दोन वर्षांपूर्वी प्रजासत्ताक दिनासाठी आमच्या शाळेने चोवीस मुलींचे लेझीम पथक बसवले. सगळ्यांना एकसारख्या मोरपंखी साड्या असाव्यात असे ठरले. गावातल्या दुकानात एका रंगाच्या चोवीस साड्या काही मिळेनात, तेव्हा आम्ही मोबाइलवर साडी निवडली. शिक्षकांच्या खोलीत पाच जणांनी आपापल्या मोबाइलवर तेच चित्र उघडले आणि पहिला वाद तिथेच झाला. एकाला ती निळी वाटली, दुसऱ्याला हिरवी, तर आमच्या चित्रकलेच्या सरांच्या मते ती मोरपंखी नव्हतीच, फिरोझी होती. अखेर बहुमताने मागणी नोंदवली. प्रत्येक पालकाकडून साडेसहाशे रुपये घेतले. ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते, त्या घराला ही रक्कम लहान नसते.

सोळा साड्या आधी आल्या, उरलेल्या आठ दहा दिवसांनी. चित्रात दिसल्या त्यापेक्षा दोन्ही खेपा जरा हिरवट होत्या, पण एकमेकींशी तंतोतंत जुळत होत्या. वर्गातल्या ट्यूबखाली शेजारी शेजारी ठेवून मी स्वतः खात्री केली. त्यांच्या शिवलेल्या नऊवारी करून देण्याचे काम आमच्याच एका पालक ताईंनी घेतले होते. कात्री लावण्यापूर्वी त्या म्हणाल्या, "सर, एकदा दारात नेऊन उन्हात धरून बघा की." मी म्हटले, "अहो, नव्या ट्यूब लावल्यात, लख्ख दिसतंय सगळं." २६ जानेवारीला सकाळी मैदानावर मुली उभ्या राहिल्या तेव्हा सोळा हिरवट आणि आठ निळसर अशा स्पष्ट दोन तुकड्या दिसत होत्या. साड्या कापून शिवल्या होत्या, त्यामुळे परत करण्याचा प्रश्नच नव्हता.

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते आणि ते शिवणकाम करणाऱ्या ताईंना सुचले, याची खंत बाजूला ठेवून आपण प्रश्नाकडे वळू. प्रश्न खरे तर दोन आहेत. पडद्यावर दिसलेला रंग प्रत्यक्षात वेगळा का निघाला? आणि ट्यूबखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे का झाले? दोन्हींची उत्तरे एकाच गोष्टीत सापडतात.

रंग कापडात असतो का?

'साडी मोरपंखी आहे' असे आपण म्हणतो, पण साडीत असतो तो रंजक. तो आपल्यावर पडलेल्या प्रकाशातल्या काही तरंगलांबी शोषून घेतो आणि उरलेल्या परत पाठवतो. म्हणजे डोळ्यापर्यंत काय पोहोचणार हे दोन गोष्टींवर ठरते: प्रकाशात मुळात कोणत्या तरंगलांबी किती प्रमाणात होत्या आणि कापडाने त्यांतल्या किती परत पाठवल्या. प्रकाशात जी तरंगलांबी नाहीच, ती कापड परत पाठवू शकत नाही. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली निळी मोटार काळपट दिसायची, ती याचमुळे.

तिसरा भागीदार आपला डोळा. दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या आहेत. एक प्रकार निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जास्त प्रतिसाद देतो, दुसरा हिरव्याला, तिसरा पिवळसर हिरव्यापासून लालपर्यंतच्या पट्ट्याला. कापडावरून येणाऱ्या प्रकाशात शेकडो तरंगलांबींचे कमीजास्त मिश्रण असते. मेंदूला त्यातून कळतात ते फक्त तीन प्रतिसाद. एखाद्या विद्यार्थ्याचे वर्षभराचे सगळे काम तीन विषयांच्या बेरजेत कळवावे तसे हे आहे. बेरीज सारखी आली म्हणजे उत्तरपत्रिका सारखी होती असे नाही.

ही तुलना मुलांना सांगून पाहा. ५+७ आणि ८+४ दोन्ही १२. आता नियम बदला आणि सांगा की पहिल्या संख्येची दुप्पट धरायची. लगेच १७ आणि २०. प्रकाश बदलणे म्हणजे हा नियम बदलणे. एका दिव्याखाली दोन कापडांची तिन्ही उत्तरे जुळतात, दिवा बदलला की फाटतात. याला मेटामेरिझम म्हणतात आणि रंगारी लोकांना त्याचा अनुभव शब्दाआधीपासून आहे.

आमच्या साड्यांचे असेच झाले. मोरपंखी रंग एकाच रंजकाने क्वचितच करतात. निळा, हिरवा, कधी थोडा पिवळा अशा मिश्रणाने तो साधतात. दोन खेपांत मिश्रण थोडे वेगळे पडले असणार. वर्गातल्या एल.ई.डी. ट्यूबमध्ये मुळात निळा प्रकाश देणारी चकती असते, सुमारे ४५० नॅनोमीटरची, आणि तिच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या स्फुरद द्रव्याचा थर असतो. निळा आणि पिवळा मिळून आपल्याला पांढरा भासतो. पण या दोहोंच्या मध्ये, ४८० नॅनोमीटरच्या आसपास, प्रकाशाची एक दरीच असते. नेमका तोच मोरपंखी-फिरोझीचा मुलूख! दोन साड्यांमधला फरक जिथे होता तिथे उजेडच तुटपुंजा होता, म्हणून त्या जुळल्या. उन्हात ती दरी नसते.

याच दिव्यांची दुसरी उणीव गडद लाल टोकाची. स्वस्त एल.ई.डी.खाली लाल शालू किंवा कुंकवाच्या रंगाचा खण मरगळलेला दिसतो. दिव्याच्या खोक्यावर कधीकधी सी.आर.आय. ८० किंवा ९० असा आकडा छापलेला असतो, तो दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा. शंभर म्हणजे उत्तम. पण यात एक मेख आहे. हा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीतून काढतात आणि गडद लाल त्या आठांत नाही. म्हणजे आकडा चांगला आणि शालू फिका, असे होऊ शकते.

साडीच्या दुकानात आपल्या आज्या साडी घेऊन सरळ दाराशी जायच्या, आणि दुकानदारही त्याला हरकत घेत नसे. मॅचिंग ब्लाउज पीस घेताना तर हे केलेच पाहिजे. कारण रेशमाला एक जातीचे रंजक लागतात, सुताला दुसऱ्या, पॉलिएस्टरला तिसऱ्याच. कापडाची जात वेगळी म्हणजे रंजक वेगळे, आणि रंजक वेगळे म्हणजे मेटामेरिझमला आमंत्रण. कापड गिरण्यांत यासाठी एक खास पेटी वापरतात. तिच्यात दिवसाच्या उजेडासारखा दिवा, दुकानातल्यासारखी ट्यूब आणि घरातल्यासारखा पिवळा बल्ब असे दिवे असतात. नमुना त्या प्रत्येकाखाली जुळला तर तो पास.

पडद्याची लबाडी

आता पहिला प्रश्न. दुकानातल्या दिव्याची गोष्ट निदान साडी समोर असताना घडते. पडद्यावर साडी नसतेच. तिथे असतात लाल, हिरवे आणि निळे असे तीन प्रकारचे ठिपके.

हे पाहणे अगदी सोपे आहे. मोबाइलवर एखादे कोरे पांढरे पान उघडा आणि त्यावर बोटाच्या टोकाने पाण्याचा बारीकसा थेंब ठेवा. थेंब भिंगाचे काम करतो आणि पांढऱ्याच्या जागी लाल, हिरवे, निळे कण दिसू लागतात. मग हळदीचे चित्र उघडा. पिवळा कण शोधूनही सापडणार नाही. लाल आणि हिरवे तेवढे पेटलेले असतील. माझ्या वर्गात हा प्रयोग झाला तेव्हा एका मुलाने विचारले, "मग टी.व्ही.त पिवळा रंग नसतोच का?" खरोखरच नसतो. प्रत्यक्ष हळदीवरून पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा असा सगळा पट्टा येतो. पडदा आपल्या शंकुपेशींना तेवढाच प्रतिसाद द्यायला भाग पाडतो आणि मेंदू म्हणतो, हळद. म्हणजे रंगीत पडद्याचा सगळा धंदाच मेटामेरिझमवर चालतो. ज्या गुणामुळे आमच्या साड्या फसल्या, त्याच गुणामुळे टी.व्ही. दिसतो.

गंमत अशी की जगाला दाखवलेले पहिले रंगीत छायाचित्र कापडाचेच होते आणि त्यातला लाल रंग खोटा होता! जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये चौकड्यांची एक स्कॉटिश फीत पडद्यावर रंगांत दाखवली. टॉमस सटन या छायाचित्रकाराने लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून तिची वेगवेगळी छायाचित्रे घेतली होती. तीन दिव्यांतून त्याच रंगांच्या गाळण्या लावून ती एकावर एक पाडली आणि रंगीत फीत दिसली. पण त्या काळच्या फोटोच्या काचेला लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नसे. मग लाल भाग उमटला कसा? याचा उलगडा व्हायला शंभर वर्षे जावी लागली. १९६१मध्ये कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी प्रयोग पुन्हा करून दाखवले की फितीचा लाल भाग अतिनील किरणही परावर्तित करत होता, लाल गाळणीतून ते पार होत होते आणि काचेवर उमटले ते अतिनील किरण. कॅमेऱ्याने पाहिले एक, माणसांना दिसले दुसरे, आणि दोन्ही योगायोगाने जुळले.

कॅमेऱ्याला आपल्याला न दिसणारे दिसते, ही अडचण आजही संपलेली नाही. २००६ साली लायका कंपनीचा एक महागडा डिजिटल कॅमेरा बाजारात आला. त्याने काढलेल्या चित्रांत काही काळे कृत्रिम धाग्यांचे कपडे जांभळट येऊ लागले. ते कापड डोळ्याला काळे, पण अवरक्त किरण भरपूर परत पाठवणारे होते आणि कॅमेऱ्यातली अवरक्त अडवणारी गाळणी अपुरी होती. कंपनीला ग्राहकांना वेगळ्या गाळण्या पुरवाव्या लागल्या.

बरे, कॅमेऱ्याने नीट टिपले असे समजू. तरी तीन ठिपक्यांतून सगळे रंग निघत नाहीत. संगणक आणि मोबाइलवरच्या बहुतेक चित्रांसाठी एस.आर.जी.बी. नावाचे प्रमाण वापरतात. ते १९९६मध्ये मांडले गेले. प्रत्येक ठिपक्याच्या तेजाच्या २५६ पायऱ्या, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ रंग. आकडा ऐकून छाती दडपते. पण डोळ्याला दिसणाऱ्या रंगछटांचा जो नकाशा शास्त्रज्ञ काढतात, त्याच्या जेमतेम एक-तृतीयांश क्षेत्रात हे सगळे एक कोटी सदुसष्ट लाख रंग बसतात. ही पायऱ्यांची संख्या आहे, जिना किती उंच आहे ते तिच्यावरून कळत नाही. सुदैवाने नेहमीच्या कापडांचे बरेचसे रंग या क्षेत्रात येतात. जे बाहेर राहतात त्यांत गडद फिरोझी आणि मोरपंखी प्रमुख. चकाकणारे फ्लोरोसंट गुलाबी आणि केशरीही बाहेरचेच, कारण ते अतिनील आणि निळा प्रकाश पिऊन त्याचा गुलाबी किंवा केशरी करून परत देतात. बाहेरचा रंग आला की पडदा त्याला आतल्या सर्वांत जवळच्या रंगावर आणून बसवतो. म्हणजे चोवीस मुलींसाठी आम्ही निवडला तो रंग पडद्याला दाखवताच न येणाऱ्यांपैकी होता. अबोली किंवा श्रीखंडी निवडला असता तर निदान अर्धा घोळ टळला असता.

उलट प्रकारही होतो. हल्लीच्या पुष्कळ मोबाइलच्या पडद्यांची झेप एस.आर.जी.बी.पेक्षा मोठी असते. 'व्हिव्हिड' असा पर्याय चालू असला की जुन्या मापाचे चित्र नव्या मापावर ताणले जाते आणि सौम्य विटकरीचा भडक शेंदरी होतो. शिक्षकांच्या खोलीतला आमचा वाद यातूनच आला होता. पाच मोबाइल, पाच पडदे. त्यातल्या एकावर रात्रीचा पिवळसर उजेड देणारी सोय दिवसाढवळ्या चालू होती, तिथे ती साडी हिरवी दिसली.

टी.व्ही.चे दुखणे जुने

दूरदर्शन १९८२मध्ये रंगीत झाले तेव्हा घराघरांत रंगाची कळ शेवटपर्यंत पिळून ठेवण्याची पद्धत होती. पैसे रंगीत संचाचे दिले आहेत तर रंग पुरेपूर दिसावा, हा सरळ हिशेब! वृत्तनिवेदिकेचे गाल टोमॅटोसारखे दिसले तरी चालत. आपण स्वीकारलेल्या पॅल पद्धतीत निदान एक सोय होती. दर ओळीआड रंगसंकेताची दिशा उलटवून प्रक्षेपणातल्या छटेच्या चुका परस्पर खोडल्या जात. अमेरिकेतल्या एन.टी.एस.सी. पद्धतीत ती नव्हती, म्हणून तिथल्या संचांना छटा जुळवण्याची वेगळी कळ असे, आणि तिथले तंत्रज्ञ त्या आद्याक्षरांचा 'नेव्हर ट्वाइस द सेम कलर' असा अर्थ लावून थट्टा करत.

आजचे संच डिजिटल आहेत, पण एक काटकसर तेव्हाही होती आणि आताही आहे. आपल्या डोळ्याला उजेड-अंधाराचा बारकावा जितका कळतो तितका रंगाचा कळत नाही. म्हणून चित्र पाठवताना प्रकाशाची माहिती पूर्ण आणि रंगाची माहिती कमी तपशिलाने पाठवतात. चेहरे, डोंगर, क्रिकेटचे मैदान यांत काही बिघडत नाही. बारीक लाल-हिरव्या चौकडीच्या कापडात मात्र शेजारच्या धाग्यांचे रंग एकमेकांत मिसळून भलताच तिसरा रंग तयार होतो. फार बारीक रेघा असतील तर त्यांवर लाटा सरकताना दिसतात. टी.व्ही.वर खरेदीच्या कार्यक्रमात इरकलीची बारीक चौकडी दाखवली तर तिचा रंग दुरून नव्हे, अगदी जवळून घेतलेल्या दृश्यात पाहावा.

एका बाबतीत मात्र टी.व्ही. किंवा चलच्चित्र स्थिर छायाचित्रापेक्षा सरस ठरते. धूपछाँव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. पैठणीत हा प्रकार आपण पाहतो. पदर हलला की जांभळ्यातून लाल किंवा निळ्यातून हिरवा डोकावतो. या साडीला एक रंग नाहीच, मग छायाचित्रात कोणता येणार? कॅमेरा ज्या कोनात होता तो. कापड हलताना पाहिल्याशिवाय अशा साडीचा अंदाज येत नाही. जरीचेही तसेच. जर चमकते म्हणजे डोके हलवले की तिच्यावरचा उजेड सरकतो. स्थिर चित्रात तिची होते पिवळी-तपकिरी पट्टी.

डोळाही निर्दोष नाही

सगळा दोष यंत्रांवर ढकलून मोकळे होता येणार नाही. २०१५च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडमधल्या एका लग्नाच्या निमित्ताने काढलेले एका पोशाखाचे छायाचित्र जगभर गाजले. काहींना तो पोशाख निळा-काळा दिसे, काहींना पांढरा-सोनेरी, आणि दोन्ही पक्ष एकाच पडद्याकडे पाहत असत. अमेरिकेतल्या संशोधकांनी सुमारे १४०० लोकांना विचारले तेव्हा निम्म्याहून अधिकांनी निळा-काळा सांगितला आणि जवळजवळ तीस टक्क्यांनी पांढरा-सोनेरी. पोशाख प्रत्यक्षात निळा-काळाच होता.

हे घडते कारण मेंदू रंग वाचताना आधी उजेडाचा रंग वजा करतो. पांढरा सदरा पिवळ्या बल्बखाली पिवळा झालेला आपल्याला दिसत नाही, पांढराच दिसतो. हे वजा करणे सभोवतालच्या खुणांवरून होते. त्या छायाचित्रात खुणा फार थोड्या होत्या. ज्यांच्या मेंदूने निळसर सावली गृहीत धरली त्यांनी निळा वजा केला आणि पांढरा-सोनेरी उरला; ज्यांनी पिवळा उजेड धरला त्यांना निळा-काळा. साडीचे चित्र कोऱ्या पार्श्वभूमीवर कापून चिकटवलेले असते तेव्हा आपल्यापुढे हीच अडचण असते.

कॅमेराही असेच वजा करतो, पण अधिक बाळबोधपणे. चौकटीत जे आहे त्याची सरासरी साधारण करडी असणार असे तो बऱ्याचदा धरून चालतो. हे वर्गात करून पाहा. पांढऱ्या चादरीने पूर्ण चौकट भरून एक फोटो काढा आणि काळ्या कापडाने चौकट भरून दुसरा. पांढरे करडे येईल आणि काळेही करडे येईल. मग दोन्ही कापडे शेजारी ठेवून तिसरा काढा. आता दोघे आपापल्या जागी येतील. लाल कापडाने चौकट भरली तर पुष्कळ मोबाइल त्यातला लाल कमी करतात. शेजारी पांढरा कागद ठेवला की लाल परत येतो.

शेजाराचा परिणाम डोळ्यावरही होतो. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४पासून रंगाई विभागाचे प्रमुख होते. निळ्या-जांभळ्या पडद्यांतला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी काळी लोकर तपासली, इतर ठिकाणच्या उत्तम काळ्या लोकरीशी ताडून पाहिली; रंजकात दोष नव्हता. दोष शेजारच्या निळ्याचा होता. रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या विरोधी छटेचा भास पाडतात, या विषयावर त्यांनी १८३९मध्ये मोठा ग्रंथच लिहिला. तेव्हा मोरपंखी साडी लाल काठाशेजारी अधिक हिरवी वाटली तर नवल नाही.

आणखी एक. वर्गातल्या एखाद्या मुलाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नसण्याची शक्यता असते. मुलींमध्ये हे क्वचित आढळते. वरचे प्रयोग करताना कुणी वेगळे उत्तर दिले तर त्याला हसू देऊ नका. बरेचदा ही गोष्ट त्या मुलाला स्वतःलाही ठाऊक नसते.

मग करायचे काय?

पडद्यावरून रंग नेमका कळणे कठीण, पण अंदाज पुष्कळ सुधारता येतो. आधी आपला पडदा सरळ करावा: रात्रीचा पिवळा उजेड बंद, भडक रंगांचा पर्याय बंद, तेज मध्यम, आणि वर ऊन नको. टी.व्ही.वर 'डायनॅमिक'ऐवजी 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' असा पर्याय निवडावा. आधी मळकट वाटेल, पाच मिनिटांत डोळा सरावतो. मग चित्रात ओळखीच्या वस्तू शोधाव्यात. केळीचे पान, झेंडू, पांढरी भिंत, नेसलेल्या बाईच्या हाताचा रंग हे जर भलतेच दिसत असतील तर साडीही भलतीच असणार. जाहिरातीच्या चित्रापेक्षा आधीच्या ग्राहकांनी घरी काढलेले फोटो दिसायला वाईट असतात, पण जास्त खरे असतात, आणि पाचसहा वेगवेगळ्या उजेडातले एकत्र पाहिले तर मधला रंग कळतो. रंगाच्या नावावर मात्र विसंबू नये. आमसुली, कोनफळी, चिंतामणी, गुलबक्षी, डाळिंबी ही आपली नावे सुरेख आहेत, पण दोन दुकानांतली चिंतामणी एक नसते.

विक्रेत्याशी बोलता येत असेल तर आम्ही आता एक युक्ती वापरतो. भर दुपारी, बाहेर पण सावलीत, साडीवर पांढरा कागद आणि पन्नास रुपयांची कोरी नोट ठेवून फोटो पाठवायला सांगतो. पूर्ण नोट दिसायचीही गरज नाही, कडेची पट्टी पुरे. २०१७पासूनची ही नोट निळसर फिरोझी आहे आणि तशीच आपल्याकडेही असते. आपली नोट मोबाइलच्या शेजारी धरायची. चित्रातली नोट आपल्या नोटेपेक्षा हिरवी दिसत असेल तर प्रत्यक्ष साडी चित्रापेक्षा निळी आहे, हे मनात वळते करून घ्यायचे. पिवळ्या साडीसाठी दोनशेची नोट चालते, फिक्या जांभळ्यासाठी शंभराची. मोठी खरेदी असेल तर सरळ वीतभर तुकडा टपालाने मागवावा. आणि सगळे नग एकाच रंगाईचे आहेत ना, हे आधी विचारावे. आम्ही हे विचारलेच नव्हते.

त्या साड्यांचे पुढे काय झाले, तेही सांगतो. फेब्रुवारीत आठवीच्या मुलांनी दोन्ही खेपांचे उरलेले चिंधीचे तुकडे एका पुठ्ठ्यावर शेजारी डकवले आणि तो पुठ्ठा घेऊन गावभर हिंडले. किराणा दुकानातली जुनी ट्यूब, देवळातली समई, दवाखान्यातला एल.ई.डी., पिठाच्या गिरणीतला पिवळा बल्ब, एस.टी. स्टँडचे दिवे, सगळीकडे 'जुळतात' किंवा 'जुळत नाहीत' अशी नोंद केली. समईजवळ दोन्ही काळपट हिरवे, फरक शून्य. दवाखान्यात जुळले. गिरणीत जुळले. ढगाळ सकाळी वेगळे, कडक दुपारी अधिक वेगळे. १ मे रोजी ताईंच्याच सूचनेवरून निळसर आठ मुली आतल्या गोलात आणि हिरवट सोळा बाहेरच्या गोलात उभ्या केल्या.

असा पुठ्ठा करायला खर्च काहीच नाही. शिंप्याकडून एकाच रंगाच्या सुती, रेशमी आणि पॉलिएस्टर चिंध्या मागून आणा, ट्यूबखाली जुळणाऱ्या जोड्या डकवा आणि मुलांना द्या. तुमच्या गावात कोणत्या दिव्याखाली कोणती जोडी फुटली, ते आम्हाला जरूर कळवा. काळ्या कापडांच्या जोड्या मुद्दाम घ्या; आमच्या पुठ्ठ्यावर सगळ्यांत आधी त्या फुटल्या, एक तपकिरीकडे आणि एक निळ्याकडे.